तिसरं कोटेशन

मी कारखान्याच्या खरेदी विभागात कारकून आहे, आणि तीन कोटेशनं घेतल्याशिवाय मी आजवर एक खराटासुद्धा विकत घेतलेला नाही. हे मी कॉलर ताठ करून सांगतो. एकाच कामासाठी तीन वेगवेगळ्या माणसांकडून लेखी दर मागवायचे, ते शेजारी शेजारी मांडायचे आणि मग थंड डोक्यानं जो बरा वाटेल त्याला काम द्यायचं. जगात फसतात ते फक्त दोन कोटेशनांवर थांबणारे, असं माझं ठाम मत होतं. ऑफिसात माझ्या माघारी मला सिद्धू न म्हणता ‘कोटेशन’ म्हणतात, हेही मला ठाऊक होतं. मला ते पदक वाटायचं.

लग्नाच्या वेळीसुद्धा मी तीन स्थळं बघितली होती. दिपाली तिसरी. हे मी एकदा तिला मोठ्या कौतुकानं सांगितलं, आणि त्यानंतर बरेच दिवस माझ्या डब्यात नुसती भाकरी यायची. भाजी बहुतेक दुसऱ्या कोटेशनाची वाट बघत असावी.

ही गोष्ट यंदाची, म्हणजे चौऱ्याण्णव सालची. बारामतीत इंदापूर रस्त्याच्या अंगाला आम्ही नुकतंच घर बांधलं होतं. समोरची खोली, मधली खोली आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर भिंतीतून एक पितळी तोटी बाहेर आलेली होती. घराचं वर्णन एवढंच पुरे, कारण दिपालीच्या लेखी घर म्हणजे ती तोटी. बाकीच्या भिंती तिला आधार म्हणून बांधलेल्या.

त्याचं कारण होतं. लग्नानंतर आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो, आणि तिथं पाणी म्हणजे कोपऱ्यावरचा सार्वजनिक नळ. दिपालीनं तिथं घागर लावून रांगेत उभं राहण्यात तरुणपण घालवलं. तिथल्या भांडणांत एकदा घागरीला पोचा आला आणि एकदा तिच्या कपाळाला टेंगूळ. तिची आई फुलाबाई तर डाळज गावच्या. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांच्या मागं गेलेलं. ज्या शिवारात तळ पडेल तिथली विहीर शोधायची आणि डोक्यावरून पाणी वाहायचं. पुढं मेंढरं विकून त्यांनी शेती धरली, पण पाणी काही डोक्यावरून खाली उतरलं नाही.

त्या फुलाबाई येत्या रविवारी आमच्या नव्या घरी पहिल्यांदाच येणार होत्या. दिपालीनं एकच गोष्ट ठरवली होती. आईला ओट्यापाशी उभं करायचं आणि तिच्या हातानं तोटी सोडायला लावायची. बाकी जेवणखाण, साडीचोळी, सगळं त्यानंतर.

आणि नेमकी तेव्हाच तोटीची धार करंगळीएवढी झाली.

आमच्या भागात नगरपालिकेचं पाणी दुपारी चारला यायचं आणि तासाभरानं जायचं. गुरुवारी यायचंच नाही. एक दिवस चारला तोटी सोडली तर धार नुसती भिंतीला धरून घरंगळत होती, आणि समोरच्या खोलीतली एक शहाबादी फरशी पाय दिला की चुळूक चुळूक करत होती.

“अहो, फरशीखाली पाइप फुटलाय,” दिपाली म्हणाली. “उद्या कुणालातरी बोलवा.”

“कुणालातरी?” मी हसलो. “तिघांना बोलावतो.”

“एका पाइपाला तीन माणसं कशाला?”

“कोटेशन.”

दिपालीनं हातातलं फडकं खाली ठेवलं. “हे बघा, रविवारी तोटीला पाणी नसलं तर मी आईबरोबर डाळजला जाईन. मग बायकोचं कोटेशन मागवा तिघांकडनं.”

मी तिला धीर दिला. रविवारच्या आत तिन्ही कोटेशनं, तुलना, मंजुरी आणि काम, सगळं बसत होतं. कारखान्यात मी याहून मोठी कामं याहून कमी वेळात अडवून ठेवलेली आहेत.

पहिला आला आबासाहेब. बारामतीतला नावाजलेला प्लंबर. त्यानं एम-एटी दारात लावली, आत आला, उकिडवा बसला आणि पान्यानं फरशीवर टकटक केलं. मग जमिनीला कान लावला.

“सॉकेट गेलंय, पाइपाचा जोड,” तो म्हणाला. “दोन फरश्या उचलतो, नवं सॉकेट घालून गळू नये म्हणून सुतळी-सफेदा लावतो. आत्ता हात घातला तर चारच्या पाण्याला तोटी चालू.”

बोलता बोलता त्यानं पाना उचललासुद्धा. मी त्याचं मनगट धरलं.

“थांबा. आधी लेखी द्या.”

“कशाचं लेखी?”

“कोटेशन. बंद पाकिटात.”

आबासाहेबानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “साहेब, दाढी करताना बी न्हाव्याकडनं लिहून घेता का?”

स्वयंपाकघरात एक पातेलं गरजेपेक्षा जोरात आपटलं. मी तिकडं लक्ष दिलं नाही. तत्त्वाच्या माणसाला घरात असे आवाज ऐकून घ्यावेच लागतात.

दुसऱ्या दिवशी झुंबर नावाचा दुसरा प्लंबर आला, आणि त्याच वेळी आबासाहेबही आपलं पाकीट घेऊन दारात हजर झाला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

“आरं, झुंबर!”

“दाजी, तुमी हितं?”

दोघे साडू निघाले. मग मला खुर्च्या द्याव्या लागल्या, चहा सांगावा लागला, आणि त्यांच्या सामाईक सासूबाईंच्या गुडघ्याची सगळी हकिकत ऐकावी लागली. गुडघा संपल्यावर झुंबरनं फरशी बघितली आणि विचारलं, “दाजी काय म्हणालं?”

“ते गोपनीय आहे,” मी म्हणालो.

“सॉकेट म्हणलं मी,” आबासाहेब खुर्चीतून म्हणाला.

“मग सॉकेटच.”

“अहो, तुम्ही तुमचं वेगळं मत द्या. वेगळा दर लावा. थोडा कमी लावलात तर काम तुम्हाला मिळेल.”

झुंबर घाबरून उभा राहिला. “साडूच्या पोटावर पाय देऊ व्हय? मला घरी जायाचंय, साहेब. तिथं थोरली-धाकटी एक हायती.”

त्यानं माझ्यादेखत आबासाहेबाचं पाकीट फोडलं आणि आतला मजकूर काना-मात्रेसकट उतरून काढला. कागद त्याच्या भावाच्या बँड पथकाचा होता. त्यामुळं माझ्या दुसऱ्या कोटेशनाच्या खाली ‘वरातीसाठी घोडाही मिळेल’ असं छापलेलं होतं.

आता हाताशी कोटेशनं दोन, पण खरं म्हणजे एकच. नात्याबाहेरचा तिसरा माणूस हवा होता. मी लुना काढली आणि गाव पालथं घातलं. पेठेतला प्लंबर आबासाहेबाचा भाचा होता. इंदापुरातल्या एकाचं नाव कळलं, तो झुंबरचा मेहुणा. कोऱ्हाळ्यात एक हुशार माणूस आहे म्हणून आशेनं गेलो, तर त्यानंच विचारलं, “आमचं व्याही आबासाहेब काय म्हणालं?” दोन तालुक्यांतले सगळे प्लंबर एका मांडवात जेवलेले होते.

मी धुळीनं माखून घरी आलो, तर दारच्या पायरीवर सासरे बसलेले. गेणूतात्या. डोक्याला तांबडा पटका, खांद्यावर घोंगडी. मार्केट यार्डात वांगी टाकायला आले होते आणि लेकीकडं मुक्कामाला थांबले होते.

“काय पाव्हणं, तोंड का उतरलंय?”

मी सगळं सांगितलं. तिसरं कोटेशन मिळत नाही म्हणून मला रडायला येत होतं, हेसुद्धा सांगितलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“त्यात काय? तिसरं मी सांगतो. दिपे, देवापुढला नारळ आण.”

तात्यांची ही विद्या मी ऐकून होतो. मेंढरं घेऊन हिंडायचे तेव्हा तळहातावर नारळ आडवा ठेवून ते पाणी शोधायचे. दुष्काळात गावंच्या गावं त्यांना बैलगाडीतून न्यायला यायची. पुढं यंत्रं घेऊन बोअरवाले आले आणि तात्यांना कुणी विचारेना. डाळजच्या पोरांनी तर एकदा त्यांच्या हातावर कलिंगड ठेवून बघितलं होतं, आणि त्या दिवशी तात्या जेवले नव्हते, असं दिपाली सांगायची.

तात्या प्लंबर नव्हते. पण कोटेशन देणारा प्लंबरच असावा, असं नियमात कुठं लिहिलंय? शिवाय ते आबासाहेबाच्या नात्यातले नव्हते. माझ्या होते, पण त्याला नियमात बंदी नव्हती. मी होकार दिला.

तात्यांनी पायतान काढलं. नारळ तळहातावर आडवा ठेवला, शेंडी पुढं करून. डोळे मिटून दारापासून एकेक पाऊल टाकत निघाले. कपाटापाशी काही नाही. पलंगापाशी काही नाही. चुळूक करणाऱ्या फरशीवर पाय पडला, आणि नारळ हळूहळू उठून तळहातावर उभा राहिला. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. माझ्या अंगावर काटा आला.

“तात्या, तिथंच पाइप फुटलाय,” दिपाली म्हणाली.

“नळाचं पाणी नारळाला कळत न्हाय, पोरी. नळाचं पाणी मेल्यालं असतंय. नारळ उठतो त्यो जित्या पाण्याला.” त्यांनी फरशीवर टाच आपटली. “पाव्हणं, तुमच्या घरात झरा हाय.”

आता इथं शहाण्या माणसानं काय म्हणायला हवं होतं, ते तुम्हाला कळतंय. मलाही कळायला हवं होतं. पण झरा हा शब्द कानावर पडला आणि माझं डोकं सुटलं. स्वतःचं पाणी! वर टाकी, टाकीला मोटर, स्वयंपाकघरात एक सोडून दोन तोट्या! फुलाबाईंना एक तोटी दाखवायची होती, मी त्यांना दोन दाखवणार होतो. पाइप दुरुस्त करून मिळणार काय, तर नगरपालिकेचं तासाभराचं पाणी. हे तिसरं कोटेशन पहिल्या दोन्हींपेक्षा कितीतरी सरस होतं.

माझं बोलणं संपायच्या आत शेजारच्या भामाबाई घरात होत्या. त्यांची खिडकी आमच्या खिडकीसमोर आहे, त्यामुळं आमच्या घरातलं त्यांना आमच्याआधी कळतं.

“तरीच म्हणलं!” त्या म्हणाल्या. “किती दिस झालं, मला जमिनीतनं खळखळ ऐकू येती.”

दिवेलागणीपर्यंत फरशीवर हळदकुंकू पडलं, ओटी भरली गेली, उदबत्त्या लागल्या. गल्लीतल्या बायका येऊन फरशीच्या पाया पडून गेल्या. त्यातल्या दोघी माझ्याही पडल्या.

सकाळी आबासाहेब आला. “साहेब, झालं का तिसरं? सॉकेट आणलंय.”

“पायतान काढ आधी,” भामाबाई दारातूनच ओरडल्या.

त्याला झरा दाखवण्यात आला. “आवं, पण त्यो पाइप,” असं काहीतरी तो म्हणू लागला, तेवढ्यात तात्यांनी हात वर केला. “जित्या पाण्याला तुझा पाना लावायचा न्हाय.”

“मग खणणार कशानं? कुदळ बी लोखंडाचीच हाय.”

“कुदळीची पूजा केलीय.”

“पान्याची मी बी करतो की, दसऱ्याला.”

“आज दसरा हाय का?” तात्या म्हणाले.

आबासाहेब उलट्या पावली निघून गेला.

मी घरगुती कारणासाठी रजा टाकली आणि खणायला लागलो. जन्मात कधी पेनापेक्षा जड काही उचललं नव्हतं, पण त्या दिवशी माझ्या अंगात काय शिरलं होतं कोण जाणे. फरश्या उचलल्या, माती काढली, मुरूम काढला. दुपारपर्यंत कमरेएवढा खड्डा झाला. तळ नुसता ओलसर. माझे हात सोलपटले. बघायला जमलेली माणसं जांभया देऊ लागली.

आणि चार वाजता खड्ड्याच्या कडेतून गुरगुर असा आवाज आला! पाठोपाठ बुळूक करून पाणी आलं. घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. गल्लीत एकच गलका झाला. मी खड्ड्यात नाचलो. खरंच नाचलो, चिखल उडवत. भामाबाईंनी तेच पाणी तांब्यात घेऊन माझ्या डोक्यावर ओतलं आणि मी डोळे मिटून ते घेतलं.

तात्या काठावर उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “लई दिसांनी,” ते एवढंच म्हणाले आणि नारळ छातीशी धरला.

दिपाली स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. “तुमच्या झऱ्याला पाणी आलं, आन माझी तोटी ठणठणीत कोरडी पडली,” ती म्हणाली. तिचं कुणी ऐकलं नाही. मीही नाही.

आता आम्ही पडलो कालव्याच्या पाण्यावर वाढलेली माणसं. पाणी दिसलं की आमच्याकडं आधी पाळ्या ठरतात. दिवस मावळायच्या आत माझ्या समोरच्या खोलीत खड्ड्याभोवती सतरंजी टाकून बैठक बसली. हेडला म्हणजे पाण्याच्या तोंडाशी कोण आणि टेलला म्हणजे शेवटी कोण, यावर रण माजलं. पाण्याची शीर आपल्या तुळशीखालून येते, म्हणून आपण हेडला, असं भामाबाईंचं म्हणणं. टेलला पाणी पोचतच नाही, हा ज्याच्या त्याच्या शेतावरचा अनुभव, त्यामुळं टेलला जायला कुणी तयार होईना. माझा झरा, माझा खड्डा, पण माझी पाळी कितवी हे मलाच कुणी सांगेना. मधेच झुंबर येऊन बँडच्या कागदावर नवं कोटेशन देऊन गेला. मोटर, टाकी, घरोघरी पाइप, आणि उद्घाटनाला वाजंत्री.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. चारच्या आधीच माणसं घागरी घेऊन जमली. चार वाजले. साडेचार झाले. खड्डा कोरडा. सगळे तात्यांकडं बघायला लागले.

“गुरुवार हाय,” तात्या गंभीरपणे म्हणाले. “झरा बी उपास धरतो.”

लोकांना ते पटलं. काहींनी तर खड्ड्यापुढं शेंगदाण्याचे लाडू ठेवले. पण माझ्यातला खरेदी विभाग इतक्या दिवसांनी जागा झाला. झरा येतो चारला. गुरुवारी येत नाही. हे वेळापत्रक मी कुठंतरी वाचलं होतं, आणि ते नगरपालिकेच्या फळ्यावर वाचलं होतं.

माणसं पांगल्यावर मी बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरलो. कडेची माती बोटानं खरवडली. आत पाइप होता. सॉकेट सडून आ वासून बसलं होतं.

“दिसलं?” वरून दिपालीनं विचारलं.

“दिसलं.”

“आबासाहेबानं पयल्याच दिशी सांगितलं हुतं.”

“आत्ताच्या आत्ता तात्यांना सांगतो,” मी म्हणालो आणि वर चढलो.

तात्या अंगणात बाजेवर बसले होते. नवा पटका बांधला होता. कोऱ्हाळ्याचा एक शेतकरी त्यांच्यापुढं हात जोडून उभा होता, आपल्या रानात विहिरीची जागा दाखवायला चला म्हणून. तात्या त्याला सांगत होते, “येऊ की. नारळ तेवढा जुना घे, बाबा. कवळ्याला समज नसती.” पाच-सहा माणसं खाली बसून ऐकत होती. तात्यांचा आवाज नेहमीपेक्षा खणखणीत लागला होता.

दिपाली माझ्यामागं उभी होती. ती बराच वेळ बापाकडं बघत राहिली.

“नका सांगू,” ती म्हणाली.

“मग आईंची तोटी?”

“ती बी पायजे.”

“अगं, दोन्ही कसं जमेल? पाइप जोडला की झरा आटणार. झरा ठेवला तर तोटी कोरडी.”

“ते तुमी बघा. तीन-तीन कोटेशनं मागवता, एक मार्ग काढा की.” तिनं पदरानं डोळे पुसले आणि आत निघून गेली. मला फार वाईट वाटलं. तिनं मागून मागून मागितलं काय होतं, तर एक सॉकेट.

शुक्रवार-शनिवार झरा नेमानं चारला आला, बायका चिखलाचं पाणी भक्तीनं भरून घेऊन गेल्या, आणि मी विचार करत राहिलो. रविवारी मी तात्यांना म्हणालो, “आईंना आणायला एसटी स्टँडवर तुम्हीच जा. त्यांना घर सापडायचं नाही.” भिगवणकडून येणारी ती गाडी कधी वेळेवर आल्याचं कुणी सांगत नव्हतं. दोन तास तरी हातात होते. तात्या नारळ काखेत घेऊन निघाले. मी मागच्या दारानं आबासाहेबाला आत घेतलं.

“लेखी देऊ?” त्यानं विचारलं.

“नको.”

“बंद पाकिटात?”

“आबासाहेब, हात जोडतो. उतरा.”

तो उतरला. “खड्डा झकास काढलाय, साहेब. निम्मं काम तुमीच केलंय.” आणि पान्याची टकटक सुरू झाली. लगेच भामाबाईंचं डोकं खिडकीत. मी झटकन पलंगावरची चादर खड्ड्यावर धरली.

“आतनं ठोकल्यागत काय वाजतंय?”

“झरा जोर करतोय,” मी म्हणालो.

“आन चादर कशाला?”

“नजर लागू नये म्हणून.”

भामाबाईंनी तिथूनच कडाकडा बोटं मोडली आणि गेल्या. आत चादरीखाली आबासाहेब हसत होता की खोकत होता, ते कळलं नाही. त्यानं सुतळी गुंडाळली, सफेदा फासला, सॉकेट आवळलं. वर आला तेव्हा मिशा पांढऱ्या झालेल्या. आणि तेवढ्यात अंगणात तात्यांचा आवाज आला. गाडी त्या दिवशी वेळेवर आली होती! आबासाहेब मागच्या दारानं पळाला.

फुलाबाई आत आल्या. लहानखुऱ्या, हातात गाठोडं, गाठोड्यात बाजरीचं पीठ आणि लेकीसाठी शेंगांची चटणी. खड्डा बघून त्या थबकल्या. “घरात कशापाई खणलंय?” पण त्यांना उत्तर द्यायला वेळ कुणाला होता? चार वाजत आले होते आणि गल्ली घागरींसकट लोटली होती.

चार वाजले. सगळे खड्ड्यात वाकून बघत होते. काही नाही. भामाबाईंनी उदबत्ती फिरवली. काही नाही. तात्यांनी नारळ तळहातावर ठेवला. नारळ आडवाच राहिला.

“आज रविवार हाय, तात्या,” कुणीतरी म्हणालं. “आज कशाचा उपास?”

कुणीतरी हसलं. तात्यांनी नारळ दुसऱ्या तळहातावर ठेवून बघितला. मी दिपालीकडं बघितलं. ती बापाकडं बघत होती आणि तिचा चेहरा माझ्याच्यानं बघवेना.

इतक्यात स्वयंपाकघरातून पितळी घागर घणघणली. पाठोपाठ फुलाबाईंची हाक आली. “दिपे! आगं, हितं ये!”

आम्ही सगळे आत धावलो. पाणी प्यायला म्हणून फुलाबाई एकट्याच आत गेल्या होत्या आणि त्यांनी तोटी फिरवली होती. मनगटाएवढी धार घागरीत कोसळत होती. फुलाबाईंनी तोटी बंद केली. धार थांबली. पुन्हा सोडली. पुन्हा बंद केली. त्या लेकीकडं वळून अगदी हळू म्हणाल्या, “थांब म्हणलं की थांबतंय बी गं.”

दिपालीनं तिथंच आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. त्या क्षणी मला वाटलं, गेली सगळी कोटेशनं खड्ड्यात. हे बघायला मिळालं, बास झालं.

“ते समदं खरं,” भामाबाई मागून म्हणाल्या, “पर झरा कुठं गेला?”

सगळी गल्ली तात्यांकडं वळली. तात्या दारात उभे होते, नारळ हातात. त्यांचं तोंड इतकंसं झालं होतं. आणि मी, ज्यानं आयुष्यात लेखी आधाराशिवाय एक वाक्य उच्चारलं नाही तो मी, पुढं झालो आणि मोठ्यानं म्हणालो,

“झरा कुठं जातोय? तात्यांनी तो नळात घातलाय.”

तात्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. मग नारळाकडं. मग सावकाश पटका नीट केला.

“व्हय,” ते म्हणाले. “खड्ड्यात बरा दिसत नव्हता.”

दिपालीनं माझ्याकडं असं बघितलं, की तिसरं स्थळ पसंत केल्याचा मला पुन्हा एकदा अभिमान वाटला. तो अभिमान भामाबाईंनी घागर पुढं सरकवीपर्यंत टिकला. “मग लावा नंबर,” त्या म्हणाल्या. “हेडला मी.”

याला आता सहा महिने झाले. तात्या डाळजला कमी आणि आमच्याकडं जास्त असतात. गावात कुणाचा नळ गळायला लागला की लोक आधी आबासाहेबाला विचारतात, मग झुंबरला, आणि तिसरं कोटेशन म्हणून तात्यांना बोलावतात. तात्यांचं सगळ्यांत स्वस्त असतं. एक नारळ, तोही ज्याचा त्यानं आणायचा.

दोन दिवस राहायला आलेल्या फुलाबाई अजून इथंच आहेत. चारच्या ठोक्याला त्या ओट्यापाशी जाऊन बसतात, आणि कालव्यावरच्या पाटकऱ्याच्या थाटात तोटी सोडतात, बंद करतात, सोडतात. गल्लीची रांग पुढच्या दारानं येते, खड्ड्याला वळसा घालून स्वयंपाकघरात जाते आणि मागच्या दारानं बाहेर पडते. नाही म्हणायची सोय नाही, कारण झरा काही आमचा एकट्याचा नाही. पाळीत आमचं घर टेलला आलंय. सुरुवातीला दिपाली उभी राहायची. एक दिवस तिनं ती जुनी पोचा आलेली घागर काढून माझ्या हातात दिली, आणि मी मुकाट्यानं घेतली.

काल माझा नंबर यायच्या आत पाणी गेलं.